चर्चच्या हँडबेल क्वायरमध्ये, म्हणजे हातातल्या घंटा वाजवणाऱ्या गटात, जायला नोटेशन (स्वरलिपी) वाचता यावं लागतं का?

सुरुवातीला नाही. मोजता मात्र आलंच पाहिजे. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोनच मुख्य स्वर (लागतील तसे त्यांचे कोमल-तीव्रही), एका वेळी हातात एकेक घंटा. कागदावर आपले तेवढे स्वर रंगीत पेन्सिलीने खुणावायचे आणि मनात एक-दोन-तीन-चार चालू ठेवायचं. तीन सप्तकांच्या संचात 37 घंटा आणि वाजवणारे दहा-बारा जण. तुमचा स्वर चुकला की धुनेत तेवढं भोक पडतं, दुसरा कोणी ते भरत नाही. म्हणून तालमीला दांडी मारणारे इथे नकोसे होतात! खरं तर घंटा वाजवणं सोपं, ती खांद्याला टेकवून वेळेवर गप्प करणं अवघड. हातमोजे असतात ते घामाने ब्राँझ काळवंडू नये म्हणून. मनगट दुखरं असेल तर खर्जातल्या जड घंटा मागू नका.