पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा 'टेन' हा अल्बम अजून का ऐकतात? शब्द तर धड कळत नाहीत! ऐकायचाच तर मूळ ऐकू की 2009 चा रिमिक्स?

मूळच ऐका. पण 'शब्द धड कळत नाहीत' हे जे लिहिलंय ना, ते मला लागलं, म्हणून एवढं टंकतोय.

1996. पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होतो. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, तिसऱ्या खेपेला सुटला, काठावर. त्या रात्री रूमवर 'टेन'मधलं 'अलाइव्ह' लावलं आणि शेवटी माइक मॅकक्रेडीची गिटार सुटते तिथे लोखंडी कॉटवर चढून असा नाचलो की कॉटची एक पट्टी निखळली. रूम पार्टनरने टेप बंद केला. "येड्या, अर्थ माहितीये का याचा?" हा कॉन्व्हेंटवाला. मग मेसमध्ये सगळ्यांसमोर प्रवचन: ज्याला बाप समजत होतो तो आपला बापच नाही, खरा कधीच मेला, हे पोराला आई सांगते. जिवंत आहे म्हणजे भोगतोय. "आणि हा नाचतोय!" पुढे वर्षभर मला 'ए अलाइव्ह' अशीच हाक होती.

गोष्ट खरी आहे, बँडचा गायक एडी व्हेडरच्या स्वतःच्या घरातली. तो सॅन डिएगोत पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा. पुढे पर्ल जॅम उभा करणाऱ्या सिअ‍ॅटलच्या स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंटचा आधीचा गायक अँड्र्यू वुड 1990 मध्ये हेरॉइनने गेला होता, त्यांची नुसत्या वाद्यांची कॅसेट फिरत फिरत याच्याकडे आली. याने समुद्रावरून सर्फिंग करून येऊन त्यावर आपला आवाज भरला आणि परत धाडली. सुतक दोन्हीकडे होतं. ऑगस्ट 1991 मध्ये 'टेन' आला तेव्हा फारसं कुणी विचारलंही नाही. वर्षभरात तो अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेला, आजवर तिथे 1 कोटी 30 लाखांच्या वर खपलाय.

आता ऐका. 2006 मध्ये टीव्हीवर व्हेडरनेच सांगितलं की 'अलाइव्ह' त्याच्यासाठी शाप होतं, पण समोरचे लोक उड्या मारत तेच ओरडायला लागले, त्यांनी अर्थच बदलून टाकला आणि शाप उतरला. म्हणजे कॉटवरचा मी चुकलो नव्हतो, दहा वर्षं आधीच पोचलो होतो! शब्द कळायच्या आधी तो आवाज पोटात जातो आणि ज्याला जे हवं ते त्यात सापडतं. म्हणून टिकलाय. अर्थ पाठ करून ऐकणाऱ्यांनी खुशाल परीक्षा द्याव्यात.

रिमिक्सचं म्हणाल तर 2009 मध्ये निर्माता ब्रेंडन ओब्रायनने त्याच रेकॉर्डिंगचे आवाज नव्याने जुळवून सगळं धुऊनपुसून ठेवलंय. मूळ मिक्स टिम पामरचा. त्याने 'ओशन्स' या गाण्यात मिरपूडदाणी आणि आग विझवायचं नळकांडं वाजवलंय, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजावं तसा तो घुमारा आहे, त्याशिवाय 'रिलीज' हे गाणं म्हणजे फोडणीशिवाय वरण.

तसं खुद्द बँडलाच तो घुमारा जास्त वाटायचा, हेही सांगायला हवं. शब्द ऐकायचेच असतील तर रिमिक्स बरा. आणि 'डीप' हे गाणं मी अजूनही न ऐकता पुढे ढकलतो.

व्हेडरची ती क्लिप मागच्या महिन्यात रूम पार्टनरला पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं: "ते सोड. एम-थ्री तिसऱ्यांदाच सुटला होता ना?"