‘आपल्या धर्मात हे पाप आहे का?’

मुलगा किंवा मुलगी समलिंगी असल्याचे कळल्यावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पालक पहिल्या दोन-तीन भेटींत हा प्रश्न विचारतातच. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देण्याचे मी टाळते, आणि ते का टाळते हे एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातले दाम्पत्य. वडील निवृत्त संस्कृत शिक्षक. मुलगा 28 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. त्याच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली आणि तीन ठिकाणी पत्रिका गेल्यावर त्याने घरी सांगितले की आपल्याला पुरुषांविषयीच ओढ वाटते आणि चार वर्षांपासून आपला एक जोडीदार आहे. त्या दिवसापासून वडील त्याच्याशी बोलेनासे झाले. आई मला एवढेच सांगत राहिल्या की आमचा मुलगा ‘तसा’ निघाला, आणि त्या ‘तसा’च्या पुढे त्यांना जाता येईना. एका डॉक्टरांनी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असे सांगून महिन्याभराची औषधेही दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे ‘बदलण्याचे उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, तरी हे चालूच आहे, याचा मला मनापासून संताप येतो.

वडिलांचे मन वळावे म्हणून मुलाने त्यांना मोबाइलवर शिखंडी, मोहिनी आणि खजुराहोविषयीचे मजकूर पाठवले होते, आणि त्यामुळे प्रकरण अधिकच चिघळले. ज्यांनी उभे आयुष्य मूळ ग्रंथ शिकवण्यात घालवले त्यांना ते मजकूर अर्धवट वाटले, आणि खरे सांगायचे तर त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. शिखंडीची कथा स्त्रीत्व आणि पुरुषत्व यांच्यातल्या प्रवासाची आहे, मोहिनीची रूप पालटण्याची. एका पुरुषाला दुसऱ्या पुरुषाविषयी वाटणाऱ्या प्रेमाविषयी त्या थेट काही सांगत नाहीत. मी म्हटले, “सर, ग्रंथ तुमच्या कपाटात आहेत. तुम्हीच शोधून आणा, आपण बरोबर वाचू.”

तीन आठवड्यांनी ते खाकी कव्हर घातलेली दोनशेपानी वही घेऊन आले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातली दोन स्थळे त्यांनी उतरवली होती. एका ठिकाणी पुरुषाशी मैथुन हे जातिभ्रंश करणारे म्हटले आहे, पण त्याच श्लोकात मद्याचा वास घेणे आणि कुटिलपणा हेही त्याच पंक्तीला बसवले आहेत. दुसऱ्या ठिकाणी त्याचे प्रायश्चित्त आहे, ते अंगावरच्या वस्त्रांनिशी स्नान. ‘सवासाः’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीशी केलेल्या संगालाही तेच स्नान पुरते. आठव्या अध्यायातला, कन्येशी असे वर्तन करणाऱ्या स्त्रीची बोटे छाटण्याचा श्लोकही त्यांनी गाळला नव्हता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तला दंड पूर्व साहसाचा, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचा, 48 ते 96 ‘पण’ (त्या काळची नाणी) एवढा. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ची, म्हणजे स्त्री-पुरुषांपलीकडच्या तिसऱ्या प्रकृतीची नोंद आहे, आणि एकमेकांवर विश्वास असल्याने परस्परांशी संग करणाऱ्या नागरकांचीही (शहरी पुरुषांचीही). पूर्वी सगळे खुले आणि सुखाचे होते असे या पानांवरून म्हणता येत नाही, आणि ते घोर महापातक होते असेही म्हणता येत नाही. माणसे तशीही असतात हे मात्र सर्वांनाच ठाऊक होते.

मग ते सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानापाशी आले. तिथे ‘आसेक्य’ म्हणजे पुरुषाशी मुखमैथुन करणाऱ्या पुरुषाचे वर्णन करताना आईवडिलांचे बीज अत्यल्प असणे हे कारण दिले आहे. ‘पित्रोः’, म्हणजे आईवडिलांचे, हा शब्द वाचून सर थांबले. वहीवरचा हात काढून त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारले, “म्हणजे दोष आमचाच ना?”

तीन आठवडे ते ज्याचा शोध घेत होते तो प्रश्न हा होता. मी त्यांना स्पष्ट सांगितले की ती त्या काळची समजूत आहे. आजच्या विज्ञानाला यात ना बीजाचा दोष दिसतो, ना संगोपनाचा, आणि लैंगिक कल कुणी निवडूनही घेत नाही. हे मला त्या भेटीत चार वेळा सांगावे लागले.

अशा संबंधांसाठी तुरुंगात जावे लागेल ही भीती कुठून आली, हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम 377 हे 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेतले. त्याचे मूळ आठव्या हेन्रीच्या काळातल्या 1533 च्या इंग्रजी कायद्यात. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले. विवाहाला मात्र 2023 च्या निकालानेही मान्यता दिली नाही, आणि हे मी पालकांपासून कधीच लपवत नाही.

आई या चर्चेत गप्प असत. एका भेटीत त्या आपणहून म्हणाल्या, “आमच्या दारात यल्लम्माचा जोगता येतो. मी त्याच्या परडीत पीठ-मीठ घालते, पाया पडते. पण इतक्या वर्षांत त्याला कधी घरात ये, बस म्हटलं नाही.” जोगता म्हणजे देवीला वाहिलेला, बहुधा स्त्रीवेषात वावरणारा पुरुष; त्यांचा मुलगा जोगता नाही, ही वेगळी गोष्ट आहे, हे मी त्यांना समजावले, तरी आपल्याकडच्या मान देण्याच्या आणि दाराबाहेर ठेवण्याच्या रीतीविषयी इतके नेमके मी क्वचितच ऐकले आहे.

सरांनी अजून नातेवाइकांना काही सांगितलेले नाही. मुलाच्या जोडीदाराचे नाव ते घेत नाहीत, ‘तो मुलगा’ म्हणतात. पण गेल्या महिन्यात, कुठल्या मुलीचे आयुष्य यात ओढले जाऊ नये म्हणून, तीन ठिकाणी दिलेल्या पत्रिका त्यांनी एसटीने स्वतः जाऊन परत आणल्या. आईंनी मला फोन करून विचारले, दिवाळीचा फराळ पुण्याला पाठवायचा आहे, तर डबा दोघांना पुरेल एवढा भरू ना?