वाचकांचे प्रश्न : कोणार्कचं चाक वेळ किती खरी दाखवतं?

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही ओडिशाला जाणार आहोत. कोणार्कच्या दगडी चाकावर बोट धरलं की वेळ कळते म्हणतात. कशी वाचायची? (एक वाचक, साखळी)

उत्तर : दक्षिणेकडचं, पूर्ण उन्हातलं चाक निवडा. त्याला 8 जाड आरे आणि मधे 8 बारीक आरे आहेत. दोन जाड आऱ्यांमधलं अंतर एक प्रहराचं, म्हणजे तीन तासांचं. बारीक आरा दीड तासावर. वरचा जाड आरा मध्यरात्रीचा, डावा आडवा सकाळी सहाचा, सरळ खालचा माध्यान्हीचा. तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाच्या, मध्यासमोर पेन्सिल भिंतीशी काटकोनात धरा. सावली डावीकडून खाली येते, मग उजवीकडे चढते.

माध्यान्ह अचूक मिळतो. बाकी वेळा मात्र चुकतात, कारण सूर्यघड्याळाचा काटा ध्रुवाकडे रोखलेला लागतो आणि हा तुंबा भिंतीतून सरळ बाहेर आलेला आहे. डिसेंबरअखेर सूर्यमानाने सकाळचे नऊ होतात तेव्हा सावली साडेआठच्याही मागे असते. दुपारी तीनला ती साडेतीनच्या पुढे गेलेली असते. मनगटी घड्याळाशी ताडताना आणखी एक ध्यानात ठेवा : त्या दिवसांत कोणार्कला माध्यान्ह पावणेबाराच्या सुमारास होतो, आपल्या गोव्यात साडेबारा उलटून गेल्यावर. जूनमध्ये तर भर दुपारी सूर्य तिथे उत्तरेला असतो, दक्षिणेच्या चाकावर ऊनच येत नाही.

म्हणून आम्ही त्याला घड्याळ म्हणणार नाही. पहिल्या नरसिंहदेवाने तेराव्या शतकात सूर्याचा रथच दगडात उभा केला, 24 चाकं आणि सात घोड्यांचा. मिनिटं मोजण्यापेक्षा जाड आऱ्यांवरच्या गोल चकत्या जवळून पाहा. एकेका चकतीत वेगळं शिल्प आहे.

प्रश्न : तिथे आपला चिरा वापरलाय का? कोरीवकाम इतकं झिजलंय कसं? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : चिरा, म्हणजे जांभा दगड आहे, पण पायात आणि भिंतींच्या पोटात. बाहेरचं बहुतेक कोरीवकाम खोंडालाइट नावाच्या दगडात. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची माती होते, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ छिद्रांत साकळून पापुद्रे काढतं. दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या की दगड तडकतो. गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या देवळातल्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना ही झीज फार बोचते. दारचौकट आणि सूर्यमूर्ती मात्र बारीक पोताच्या हिरवट क्लोराइट दगडाच्या. दक्षिणेकडच्या सूर्याचे उंच बूट आणि दागिन्यांतले मणी आजही स्पष्ट दिसतात. जगमोहनात, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या मंडपात, जाता येत नाही. तो कोसळू नये म्हणून 1903 च्या सुमारास आत वाळू भरून दारं बुजवली.