वाचकांचे प्रश्न : रोमन लोकांनी दहन का सोडले?

प्रश्न : आजोबांची राख सावडायला आम्ही ठाण्याच्या स्मशानात गेलो होतो. रोमन लोकही पूर्वी दहन करीत, पण ख्रिस्ती झाल्यावर पुरू लागले, असे तिथे एका नातेवाइकांनी सांगितले. हे खरे आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दहनाची गोष्ट खरी आहे, कारण मात्र पटण्यासारखे नाही. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या रोमन कायद्यात, शहराच्या हद्दीत प्रेत पुरूही नये आणि जाळूही नये, असे कलम आहे; म्हणजे तेव्हा दोन्ही रीती चालत होत्या. कॉर्नेलियस घराण्यात पुरण्याचीच रीत होती. इ.स.पू. ७८ मध्ये वारलेला रोमन सेनापती आणि हुकूमशहा सुल्ला हा त्या घराण्यात दहन झालेला पहिला पुरुष. त्याने वैरी मारियसचे प्रेत उकरून काढले होते आणि आपलीही तीच गत होईल या धास्तीने त्याने दहन पसंत केले, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो.

पुढे दहनच रूढ झाले. आपण जे केलेत ते रोमन घरांतही होई: चिता विझल्यावर जवळची माणसे अस्थी वेचून मद्याने धूत आणि कलशात भरत. हे कलश भिंतीतल्या ओळीने केलेल्या कोनाड्यांत ठेवीत. त्या जागेचे आजचे नाव ‘कोलंबारियम’, म्हणजे चक्क कबुतरखाना. दात न आलेले मूल मात्र ते जाळत नसत. आपल्याकडेही तान्ह्या मुलाला पुरतात, त्यामुळे हे वाचताना मला फार जवळचे वाटले.

दफनाकडे ओढा वाढला तो सम्राट हेड्रियनच्या काळापासून (इ.स. ११७ ते १३८). तेव्हा ख्रिस्ती मूठभर होते आणि त्यांच्या धर्माला उघड मोकळीक मिळाली ती ३१३ मध्ये. ग्रीक भाषक पूर्वेकडे पुरण्याची चाल होतीच. ग्रीक राहणीची आवड असलेल्या श्रीमंत रोमनांनी ती उचलली आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले, हे काही अभ्यासकांचे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते. खुद्द अथेन्समध्ये तर इ.स.पू. आठव्या शतकात दफन वाढले आणि सातव्यात पुन्हा दहन आले, तेही देव न बदलता.

त्या काळच्या संगमरवरी शवपेट्याच पाहाव्यात. त्यांवर क्रूस नसून जुन्या ग्रीक कथा कोरलेल्या आहेत. कित्येकींवर चिरनिद्रेत पडलेला देखणा मेंढपाळ एंडिमियन असतो आणि त्याला भेटायला चंद्रदेवता रथातून हलकेच उतरत असते.