गाडीचं गाऱ्हाणं : पावसात रुसणारी टर्बो

प्रश्न : काका, नमस्कार. माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, 2021 च्या दिवाळीनंतर जुनी घेतली. गेल्या उन्हाळ्यात क्लच प्लेट बदलली. तेव्हापासून पाऊस लागला की गाडीचं डोकं फिरतं. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की डॅशबोर्डवर दिवाळी होते, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन सगळे दिवे एकदम, आणि ताकद जाते. बंद करून परत चालू केली की शहाण्यासारखी चालते. स्कॅनरवर पी-0562, यू-0100 आणि यू-0121 आले. बॅटरी नवीन घातली (60 एएच), अल्टरनेटर बदलला, फरक शून्य. वर आता चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फच घेत नाही. डिकीत अँप्लिफायर बसवलाय, त्याचा काही घोळ असेल का? ओहमवर सगळे अर्थ (बॅटरीच्या मायनसचे इंजिन-बॉडीला लागणारे जोड) तपासले, 0.3 दाखवतात, म्हणजे चांगले आहेत. आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला असं एकानं सांगितलंय. घरी मल्टीमीटर आहे, पाने आहेत, करायची तयारी आहे.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : काका म्हटलंस म्हणून हक्कानं तू म्हणतो. ईसीयूला आधी हात लावू नकोस. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि छापायच्या आधी तुला फोन करून चार मापं घ्यायला लावली, ती सगळी खाली येतील. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम छापत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही गाडीला होतं.

पहिली शंका वेगळीच होती. 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय, आणि त्या दिवाळीनंतर घेतलेली जुनी गाडी म्हटल्यावर मला आधी पूरच आठवतो. म्हणून तुला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगितला. गाडी धुणारा सगळं धुतो, पण बेल्टचा आतला गुंडाळलेला भाग सहसा राहतो, तिथं गाळाची रेघ सापडते. तुझा बेल्ट स्वच्छ निघाला, मॅटखालचा फोमही कोरडा. पूर बाद.

आता पाऊस. पाणी कुठंतरी शिरतंय असं तू धरून बसलास आणि दोन रविवार वायरींचे कपलर (जोडायचे प्लग) वाळवण्यात घालवलेस. पण पावसात गाडीवर पाण्याशिवाय आणखी काय येतं बघ : लोड. दोन हेडलाइट साधारण 9 अँपिअर, वायपर, काच पुसायला आतला ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकटाच 12-15, आणि चढाला रेडिएटरचा फॅन सुरू झाला की त्याचे 20 च्या वर. सगळं मिळून साठ-पासष्ट अँपिअर सहज. म्हणून तुला म्हटलं, कोरड्या दिवशी हे सगळं चालू करून चढ चढ. तू परवा कडक उन्हात काचेचा हीटर लावून पन्हाळ्याला गेलास, आणि वाघ दरवाजाच्या अलीकडेच दिवाळी झाली. पाणीही बाद.

राहिला प्रश्न, चढालाच का, आणि जोर लावतानाच का. इंजिन बॉडीला घट्ट बसवलेलं नसतं, रबरी माउंटिंगवर तरंगत असतं. तू दाबलंस की ते माउंटिंगवर कलंडतं. तुझ्या गाडीचा टॉर्क जास्त, वर रीमॅप केलाय (ताकद वाढवायला ईसीयूचा प्रोग्रॅम बदललाय) असं फोनवर हळूच सांगितलंस, म्हणजे कलंडणंही जास्त. आता इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी असते, ती ताणली जाते. तिचा एक जोड नीट नसेल तर नेमका त्या क्षणी सुटतो. अल्टरनेटरचा सगळा करंट त्याच पट्टीवरून परत जायचा असतो. रस्ता बंद झाला की तो बारीकसारीक वायरींतून, सेन्सरच्या अर्थमधून वाट काढायला बघतो, व्होल्टेज कोलमडतं, मग गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांपैकी एक कंट्रोलर दुसऱ्याला ऐकू येईनासा होतो. यू-0100 म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी बोलणं तुटलं, यू-0121 म्हणजे ब्रेकच्या एबीएसशी. पी-0562 म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी. तिन्ही एकदम आले तर मूळ दोष पी-0562, बाकी दोघे मागं रडणारे. स्कॅनर रडणाऱ्यांची नावं सांगतो, व्होल्टेज कुणी पाडलं ते सांगत नाही.

पण माझा अर्थ तर 0.3 ओहम दाखवतो, असं तू म्हणशील. आता मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून बघ. तेच 0.2-0.3 येईल, तो आकडा तुझ्या मीटरच्या वायरींचा आहे! सेल्फला दीड-दोनशे अँपिअर लागतात. तिथं जोडात 6 मिलिओहम असले तरी गाडी लंगडते, आणि 6 मिलिओहम साध्या मीटरच्या ओहमवर दिसतच नाहीत. शंभर तारांच्या वायरीत एक तार शिल्लक असली तरी ओहम तिला चांगलीच म्हणणार. माझं स्वतःचं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात गेलं, डायनॅमोच्या जमान्यात सुरुवात केली, आणि मीही पहिली काही वर्षं ओहमवर विश्वास ठेवून गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. जोड तपासायचा तर त्यातून करंट वाहताना व्होल्ट मोज.

ते असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेव. काळी सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावर. लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांग, तुझा डोळा मीटरवर. 0.2 च्या आत आलं पाहिजे. तू पाठवलास 0.9. तो वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. दीडशे अँपिअर धरले तर ते बरोबर 6 मिलिओहम होतात, आणि 0.9 गुणिले 150 म्हणजे 135 वॅट त्या एका जोडात नुसते तापण्यात जातात. म्हणून दुसरं काम सांगितलं : चार-पाचदा सेल्फ मार आणि लगेच बॅटरीपासून इंजिनपर्यंतचा एकेक जोड हातानं चाचप.

गिअरबॉक्सवरचा जोड कोमट लागला. खोललास तेव्हा कळलं, क्लचच्या वेळी गिअरबॉक्स उतरवला होता आणि परत बसवताना पट्टीचा लग (टोकाची धातूची कडी) रंगवलेल्या ब्रॅकेटवर तसाच आवळलाय. धातू फक्त बोल्टच्या आट्यांतून लागत होता. कुठल्या गॅरेजात ते मी विचारलं नाही, तूही विसर. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकचकीत केल्यास, दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून व्हॅसलीन. आता सेल्फवर 0.12 येतं. बदललेला अल्टरनेटर आणि बॅटरी हकनाक गेले, ते मात्र परत येणार नाहीत.

एक इशारा, कारण हे अजून शिकवलं जातं. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायचा नाही. माझ्या उस्तादांनी मला तेच शिकवलं होतं आणि जुन्या डिझेल जीपला ते चालायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू खरोखरच बदलायची वेळ येते. आणि स्टिअरिंगखालचे, सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे, त्यांत सुई घालू नकोस.

आता चार दिवसांत बॅटरी बसते त्याचं. हा दुसराच आजार, पहिल्याशी नातं नाही, आणि दोन्ही एकत्र आल्यानंच सगळ्यांची मती गुंग झाली. याचं निम्मं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. 60 एएचची, म्हणजे 60 अँपिअर-तासांची बॅटरी, तीन चतुर्थांश रिकामी झाली की सेल्फ घेत नाही, म्हणजे 45 गेले. चार दिवसांचे 96 तास. भागाकार कर, साधारण अर्धा अँपिअर. झोपलेल्या गाडीनं 0.05 च्या आत राहायला हवं.

मोजताना बहुतेक लोक घाई करतात. दरवाजा आणि बोनेटच्या लॉकमध्ये स्क्रू ड्रायव्हर फिरवून गाडीला वाटू दे की सगळं बंद आहे. किल्ली घरात ठेव, गाडीजवळ नको, नाहीतर गाडी झोपतच नाही. मीटर 10 अँपिअरच्या भोकात, बॅटरीची मायनस वायर काढून ती आणि खांब यांच्या मधोमध. मग पाऊण तास थांब, कंट्रोलर एकेक करून झोपतात. मीटर लावलेला असताना सेल्फ मारलास तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समज. तुझं माप आलं 0.44. फ्यूज उपटत बसू नकोस, त्यानं झोपलेले कंट्रोलर परत उठतात. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोज. ज्याच्यावर काहीतरी आकडा आला, त्यातून करंट चाललाय.

तुझा आकडा आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर आला. 5 वॅटचा दिवा 0.4 अँपिअर घेतो, हिशेब जुळला. तू फोनचं रेकॉर्डिंग चालू करून डिकीत ठेवलंस, डिकी लावलीस, आणि व्हिडिओत अंधार झालाच नाही. लॉकमधला स्विच अडकलाय. अँप्लिफायर बसवणाऱ्या पोराला वर्षभर उगाच नावं ठेवलीस.

प्रश्न : डिकीच्या दिव्यांचा 15 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो. 25 चा घातला तर चालेल का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. 25 चा घातलात तर फ्यूज राहील आणि वायर जळेल. फ्यूजच्या जागी 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणून निवांत शोधता येईल. मग वायरिंग थोडं थोडं हलवत चला, ज्या जागी बल्ब मंद होतो तिथं हात थांबवा. डिकीच्या बिजागरीपाशी रबरी नळीत वायर रोज वाकते, मी तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : घर उसाच्या रानाला लागून आहे. उंदरांनी इंजिनवरची वायर तिसऱ्यांदा कुरतडली. औषधाची गोळी, डांबर गोळी, सगळं करून झालं. — एक वाचक, शिरोळ

उत्तर : उंदराचे दात जन्मभर वाढतात, तो कुरतडणारच, गोळ्यांचा वास त्याला आठवड्यात सवयीचा होतो. तोडलेल्या तारा नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळू नका, पहिल्या पावसात तिथं हिरवं पूट चढतं. सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. शेजारशेजारच्या दोन वायरींचे जोड एकाच रेषेत घेऊ नका, पुढं-मागं घ्या. आणि बोनेटखाली शिरायची वाट चाकाच्या वरच्या पोकळीतून असते, तिथं बारीक जाळी तारेनं बांधा. शेण-वैरण गाडीपासून लांब हलवता आली तर बघा.