आवाज, प्रकाश आणि शिल्प एकत्र असलेल्या मांडणशिल्पात नेमकं पाहायचं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की अंधाऱ्या खोलीत धातूचे पत्रे टांगले होते, रंगीत उजेड होता, एकच सूर घुमत होता आणि पाच मिनिटांत सगळं पाहून झालं. घोळ त्या पाच मिनिटांतच आहे. उजेडातून आत गेल्यावर डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तुम्ही बाहेर पडलात तेव्हा खोली जेमतेम दिसू लागली असेल.

अशा मांडणशिल्पांच्या उभारणीत मी आवाजाची बाजू सांभाळतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. बंद खोलीत एकच सूर सलग वाजत राहिला की भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींत मिसळतात. मग एका जागी आवाज दाटतो, दुसऱ्या जागी विरतो. १०० हर्ट्झच्या सुराची लहर साधारण ३.४ मीटर लांब असते. तिच्यात दाट जागेपासून विरळ जागा साधारण ८५ सेंटिमीटरवर, एका लांब पावलावर सापडते. सूर उंच असला तर नुसती मान वळवणंही पुरतं. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३ पासून असलेलं संगीतकार ला माँट यंग आणि प्रकाशाचं काम करणाऱ्या कलावंत मरियन झझीला यांचं ‘ड्रीम हाउस’ याच तत्त्वावर उभं आहे. तुम्ही हललात की सूर बदलतो, थांबलात की तोही बदलायचा थांबतो.

एकदा पातळ पितळी पत्र्यामागे स्पीकर बसवून मी सूर हळूहळू चढवत होतो. एका ठिकाणी पत्रा आपणहून थरथरू लागला आणि त्यावरून परतलेला दिव्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर पाण्यासारखा हलायला लागला. पत्र्याच्या कडेला बोट टेकवलं, कवडसा जागच्या जागी थिजला. आवाज, उजेड आणि धातू वेगवेगळे मोजता येत नाहीत हे मला त्या दिवशी हाताला कळलं.

म्हणूनच गाजलेली चित्रं चारी भिंतींवर प्रोजेक्टरने फिरवतात ते प्रकार मला या जातीचे वाटत नाहीत. तिथे कुठेही उभं राहिलं तरी फारसा फरक पडत नाही. याउलट १९५८च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातला फिलिप्स मंडप घ्या. ल कॉर्बुझिए आणि झेनाकिस यांची वास्तू, वारेझचं सुमारे आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रित संगीत आणि आतल्या वक्र भिंतींभर स्पीकर. संगीत आजही ऐकता येतं, पण मंडप पाडला गेला आणि त्या भिंतींवरून सरकत जाणारा आवाज त्याच्याबरोबर गेला.

पुन्हा जाल तेव्हा फोन खिशातच राहू द्या, पडद्याच्या उजेडाने सरावलेले डोळे परत बिघडतात. आधी दहा मिनिटं भिंतीला पाठ टेकून बसा. मग एकेक पाऊल टाकत पत्र्यांच्या मधून जा, एक कान वळवून पाहा. सावल्यांकडेही लक्ष द्या. लाल आणि निळा दिवा दोन बाजूंनी असेल तर लाल अडतो तिथे सावली निळी पडते, आणि त्या सावल्यांत तुमचीही एक असते.