विषय निवडताना शेवटून सुरुवात करा

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे आहेत. जीवशास्त्र आवडतं, गणित नकोसं वाटतं. सोपं गणित घेतलं तर चालेल का?

उत्तर : घाई करू नका. शाळेनंतरच्या ज्या दोन-तीन अभ्यासक्रमांचा विचार आहे, त्यांच्या प्रवेशाच्या अटी काढा आणि तिथून एकेक इयत्ता मागे या. कागदावर इयत्तांचे रकाने आणि विषयांच्या ओळी आखा. कशासाठी आधी काय यावं लागतं, ते बाणाने दाखवा. सगळ्यात जास्त बाण गणिताच्या ओळीतून निघतील. रसायनशास्त्रात मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) आला की गुणोत्तर आणि घातांक लागतात, पीएचला (आम्लतेच्या मापाला) लॉगॅरिदम, म्हणजे घातांक उलट शोधण्याची रीत. जीवशास्त्रातही आनुवंशिकतेचं ३:१ हे प्रमाण (पिढीत एका गुणाची दोन रूपं किती जणांत दिसतात ते) म्हणजे संभाव्यताच. गणित मागे पडलं तर मूल विज्ञानात अडखळतं आणि दोष मात्र विज्ञानाला लागतो.

म्हणून सध्या पूर्ण गणितच ठेवा. त्यातून सोप्या गणिताकडे येणं सहज जमतं. उलट जायचं तर राहिलेलं बीजगणित भरून काढावं लागतं. नकोसं का वाटतं, तेही शोधा. तिची चुकलेली २० गणितं घ्या आणि चूक नेमक्या कोणत्या पायरीवर झाली ते बघा. पुष्कळदा गाडी अपूर्णांकापाशी किंवा ऋण चिन्हापाशीच अडते : −३(क्ष − २) चा कंस सोडवताना +६ ऐवजी −६ लिहिलं जातं. हे रोजच्या सरावाने सुधारतं.

अर्ज भरण्याआधी शाळेत एक विचारून घ्या : निवडलेल्या दोन विषयांच्या तासिका एकाच वेळी तर येत नाहीत ना?